इतिहास घेऊन काय करणार?

मे संपून जून उजाडला, की आपल्या बडोद्यातील मराठी घरांतून एकच चर्चा ऐकू येते. कोणाला किती गुण पडले, कोणाचा मुलगा कुठल्या इंजिनियरिंगला जाणार, कोणाच्या मुलीला फार्मसीत प्रवेश मिळाला. दांडिया बाजारात भाजी घेताना, देवळाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून दोन माणसे भेटतात तिथे हाच विषय. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरीही तो निघाला. नात बारावी झाली होती. गुण चांगले होते, म्हणजे शेजाऱ्यांना सांगता येतील इतके. संध्याकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, “मी बी. ए. करणार आहे. इतिहास घेऊन.”

चिरंजीवांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. सूनबाई काही न बोलता कपबशा गोळा करू लागल्या. बोलायचे काम वडीलधाऱ्याचे, म्हणून मीच विचारले, “अगं, इतिहास घेऊन काय करणार?”

ती उत्तर देण्याऐवजी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहू लागली. तिथे आमच्या मूळ पुरुषाची तलवार टांगलेली आहे. तिच्या शेजारी काचेच्या चौकटीत वंशावळ आहे आणि खाली कपाटात पेटीत जपलेली पगडी. ज्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत तलवारीची हकीकत ऐकावी लागते, त्या घरात हा प्रश्न विचारला जावा, यातील विनोद माझ्या जरा उशिराच लक्षात आला.

हे फक्त आमच्या घरचे नव्हे. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी निम्म्यांचे तरी पूर्वज दमाजीराव महाराजांबरोबर घोड्यावर बसून आलेले असतात. कोणाकडे ढाल असते, कोणाकडे सनद असते, कोणाकडे नुसती आठवण असते. इतिहासाचा अभिमान आपल्याला रग्गड आहे. पण घरचे मूल तो विषय घेतो म्हणाले, की आपल्या पोटात गोळा येतो. सणाच्या दिवशी पुरणपोळी सर्वांना हवी असते, पुरण वाटायला मात्र कोणी बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आम्हीही तिला पुष्कळ समजावले. तिने ऐकले नाही. यंदा तिची तीन वर्षे पुरी झाली. या तीन वर्षांत ती जे शिकली त्यातले थोडेफार, तिच्या मागे मागे फिरून, मलाही कळले. ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पदवीवाचून झालेले इतिहासकार

पहिल्या दिवशी मी तिच्याशी जो वाद घातला तो वाचकांपैकी कित्येकांनी आपापल्या घरी घातला असेल. मी म्हटले, मोठे इतिहासकार काय इतिहासाची पदवी घेऊन मोठे झाले? यदुनाथ सरकारांनी औरंगजेब आणि शिवाजी यांवर आयुष्य वेचले, पण ते एम. ए. झाले इंग्रजी घेऊन. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे कॉलेजात होते तेव्हा वर्गापेक्षा ग्रंथालयातच अधिक रमत. पुढे ते गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करीत राहिले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो पानिपतच्या आसपासच्या पत्रांचा. अशा बावीस खंडांचा डोंगर त्यांनी उभा केला, तो काही कोणा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी नव्हे.

आणि आपले रियासतकार सरदेसाई! गोविंद सखाराम सरदेसाई बी. ए. होऊन १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, ते वाचक म्हणून. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे आणि राजपुत्रांना शिकवायचे, हे त्यांचे काम. शिकवता शिकवता टिपणे वाढली, टिपणांची पुस्तके झाली. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ साली बाहेर पडली आणि मग ‘मराठी रियासती’चे भाग एकामागून एक येत राहिले. १९२५ साली ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. दुसरा कोणी असता तर पेन्शन खात स्वस्थ बसला असता. रियासतकारांनी त्यानंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांत हात घातला आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. तेव्हा ते पासष्टी ओलांडत होते.

तात्पर्य, मी म्हटले, इतिहासाची आवड असेल तर पदवी कशाला? काहीतरी पोटापाण्याचे शीक आणि रिकाम्या वेळी वाच इतिहास.

ती म्हणाली, “आजोबा, ते राजवाडे होते. त्यांनी आपली शाळा आपणच काढली. मला कोणी शिकवले तरच येईल. आणि मी इतिहासकार होणार असे म्हटलेच नाही. तुम्ही फैयाझखाँसाहेबांच्या गोष्टी सांगता. त्यांच्या मैफलीला बसणारे सगळेच काय गवई होते?”

यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. खाँसाहेब १९५० साली गेले. त्यांचे गाणे मी प्रत्यक्ष ऐकलेले नाही. पण ज्यांनी ते ऐकले त्या आमच्या वडीलमंडळींचे कान मला ठाऊक आहेत. रेडिओवर कोणी सूर जरा चढा लावला की वडील पानाचा विडा तोंडात तसाच धरून मान हलवीत. तानसेन गावात एखादाच असतो. त्याचे गाणे टिकते ते कानसेनांच्या जिवावर. ज्या गावात ऐकणारे उरत नाहीत, तिथे गाणारा तरी किती दिवस गाईल? इतिहासाचेही असेच असले पाहिजे. लिहिणारे दहा असतील, पण लिहिलेले खरे की खोटे हे ओळखू शकणारे दहा हजार नसतील, तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच इतिहास खरा ठरायचा.

एक सरबताचा पेला

कॉलेजात इतिहास म्हणजे सनावळी पाठ करणे, अशी माझी समजूत होती. शाळेत आम्ही तेच केले होते. लढाईची कारणे पाच, परिणाम सात, पाचांतले एक विसरले तर एक गुण गेला. म्हणून दुसऱ्या वर्षी एके दिवशी ती घरी आली आणि पायातली चप्पल काढता काढता तिने विचारले, “आजोबा, मल्हारराव महाराजांनी खरेच विष घातले होते का?”, तेव्हा मी चमकलो.

आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. साहेबाने कुभांड रचले! आमच्या आजोबांनी सांगितले, वडिलांनी सांगितले, मीही सांगत आलो. पलीकडच्या गल्लीतील एका घरी नेमके उलट उत्तर ठरलेले आहे, कारण मल्हाररावांच्या अमदानीत त्यांच्या पूर्वजांची मालमत्ता जप्त झाली होती. दोन्ही घरे आपापल्या उत्तरावर दीडशे वर्षे ठाम आहेत आणि दोन्ही घरांतील कोणीही एकही मूळ कागद पाहिलेला नाही.

त्यांच्या वर्गात या प्रकरणाचा अभ्यास चालला होता. तिने वहीत तारखांचा एक तक्ता केला होता. तो तिने मला वाचून दाखवला, तसाच येथे देतो. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव महाराज वारले आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. कारभाराबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी कमिशन बसले. रेसिडेंट होते कर्नल फेअर. त्यांचे आणि महाराजांचे हाडवैर. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता लिहिला, की या रेसिडेंटाला येथून बदला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, ९ नोव्हेंबरला सकाळी, फिरून आलेल्या फेअरसाहेबांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. पोटात मळमळले. उरलेले त्यांनी फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रासायनिक तपासणीत तो सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निघाले.

“आता बघा,” ती म्हणाली, “२ तारखेचा खलिता आणि ९ तारखेचा पेला. यावरून काय ठरते?”

मी म्हटले, “साहेबाला बदलीची भीती वाटली, म्हणून त्याने हे रचले.”

“किंवा महाराजांना वाटले, की खलित्याने काम होणार नाही. एकाच दोन तारखा. तुम्हाला जे आधीच वाटते आहे तेच त्यांतून निघते. म्हणून नुसत्या तारखांनी भागत नाही.”

मग तिने साक्षीदार मांडले. मुंबईचे पोलीस कमिशनर साउटर तपासाला आले. रेसिडेन्सीतले नोकर रावजी आणि नरसू यांनी कबुली दिली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीच्या बोलीवर साक्षीदार झाले. म्हणजे मुख्य साक्ष देणारे लोक स्वतःच कटात असल्याचे सांगणारे, आणि त्यांतल्या काहींची मान माफीनेच सुटणारी. अशा साक्षीला किती किंमत द्यायची? शून्य द्यावी, तर गुप्त कट कधीच सिद्ध होणार नाही. पूर्ण द्यावी, तर कोणालाही कोणीही अडकवावे. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले आणि त्यांनी याच ठिकाणी बोट ठेवले.

१८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचे कमिशन बसले. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच अध्यक्ष, त्यांच्याबरोबर मीड व मेल्विल हे दोन इंग्रज अधिकारी. आपल्याकडचे तिघे म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. निकाल लागला तो तीन विरुद्ध तीन. तिन्ही इंग्रजांना आरोप शाबीत वाटला, आपल्याकडच्या तिघांना तो वाटला नाही. कागद तेच, साक्षी त्याच.

“यांतले मीड कोण, ओळखलेत?” तिने विचारले. मी तक्ता पुन्हा पाहिला. १८७३ च्या कमिशनचे अध्यक्ष तेच. ज्यांनी आधी कारभाराची चौकशी करून मत बनवले होते, तेच पुन्हा न्याय द्यायला बसलेले! मी विजयी मुद्रेने वर पाहिले. ती हसली आणि म्हणाली, “थांबा. जयाजीराव आणि रामसिंह हे स्वतः संस्थानिक होते. आज एका राजाला असे काढले तर उद्या आपली पाळी, हे त्यांच्या मनात आले नसेल का? एका बाजूच्या न्यायाधीशाचा हेतू तपासलात, तर दुसऱ्या बाजूचाही तपासायला हवा.”

माझी विजयी मुद्रा मावळली.

सरकारने पुढे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने महाराजांना पदच्युत केले, पण विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे. त्यांची वर्तणूक, त्यांचा गैरकारभार आणि सुधारणा करण्याची त्यांची असमर्थता, ही कारणे दिली. म्हणजे ज्या आरोपासाठी एवढे कमिशन बसवले तो बाजूला ठेवून गादी काढून घेतली. मल्हाररावांना मद्रासेस नेले आणि तिथेच १८८२ साली त्यांचा शेवट झाला.

त्यांच्या वर्गात प्रत्येकाला या प्रकरणावर निबंध लिहायचा होता. पहिल्या आठवड्यात एका बाजूने आणि पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या बाजूने. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही कागद समोर ठेवून एवढेच लिहायचे, की कोणती गोष्ट सिद्ध आहे, कोणती संभवते आणि कोणती आपल्याला केवळ आवडते म्हणून खरी वाटते. हा तिसरा निबंध तिने चार वेळा फाडला. रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जळत होता. सनावळी पाठ करणाऱ्या मुलांचे दिवे इतके उशिरापर्यंत जळत नाहीत, एवढे मला कळते.

याच प्रकरणात आणखी एक खाच आहे. मल्हारराव गेले म्हणून खंडेरावांच्या राणी जमनाबाईंना दत्तक घेता आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि सयाजीराव झाला. पुढचे सगळे आपल्या डोळ्यांसमोर आहे. गोल घुमटाची आठवण करून देणारी कॉलेजची इमारत, १९०६ साली राज्यभर लागू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० सालचे मध्यवर्ती ग्रंथालय. आपण सारे त्याच झाडाची फळे खात आलो. म्हणून मी म्हटले, “जाऊ दे, जे झाले ते बऱ्यासाठीच झाले.” त्यावर तिने मला जे ऐकवले ते माझ्या ध्यानात राहिले आहे. ती म्हणाली, “फळ गोड लागले म्हणून बी न्यायाने पेरले होते असे होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहायच्या असतात.”

पगडीतला कागद

आता एक कबुली. वडील गेले त्यानंतर चार वर्षांनी, दिवाळीपूर्वी घराला रंग काढला तेव्हा, माळ्यावर एक पेटी सापडली. तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद. वडिलांना मोडी उत्तम येई. मला एक अक्षर येत नव्हते. कागदांना कसर लागली होती, धुळीने शिंका येत होत्या. आम्ही ते सगळे रद्दीवाल्याला वजनावर दिले. किती पैसे आले तेही आठवत नाही, इतके थोडे आले.

राहिला तो एकच कागद. पगडीचा आकार बिघडू नये म्हणून कोणीतरी तो चुरगळून आत कोंबला होता. नात मोडी शिकू लागली, कारण मराठ्यांच्या इतिहासाचा खरा दाणागोटा मोडीत आहे आणि मोडी येत नसेल तर दुसऱ्याने वेचून दिलेले दाणेच खावे लागतात. सुट्टीत पुण्याच्या एका वर्गाला तिने घरबसल्या हजेरी लावली. मोडी लिहिणारा आधी ओळीभर रेघ ओढतो आणि मग हात न उचलता लिहीत सुटतो. शब्द कुठे तुटतो ते दाखवत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाही. पहिला महिनाभर ती नुसती डोके धरून बसे. मग एके दिवशी तिने कपाटातली पगडी मागितली आणि तो कागद दोन दिवस जड पुस्तकाखाली दाबून सरळ केला.

सर्वांत आधी तिने शोधली ती तारीख. जुन्या मोडी कागदांवर इसवी सन नसतो. बहुधा असतो सुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसालही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की त्याचे नवे वर्ष लागते. तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, आणि तोही उलटा, एकंपासून सुरुवात करून. तिने मला पानिपताचे उदाहरण दिले. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा काळ. १४ जानेवारी १७६१ ची लढाई त्यात बरोबर बसते.

आमच्या मूळ पुरुषाची कथा त्याच लढाईपासून सुरू होते. दमाजीराव महाराज भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर होते आणि तेथून वाचून गुजरातेत परतले, हे इतिहासात आहे. आमचे पूर्वज त्यांच्या पथकात होते आणि त्यांच्याबरोबर घोड्यावरून बडोद्यास आले, हे आमच्या घरात आहे. तेव्हा त्या कागदावर आता ‘सितैन’ दिसणार, या आशेने मी चष्मा पुसून तिच्या शेजारी बसलो.

कागदावर निघाले ‘अशरीन मयातैन व अलफ’. अशरीन म्हणजे वीस, मयातैन म्हणजे दोनशे. १२२०. त्यात ५९९ मिळवले की १८१९. पानिपताला अठ्ठावन्न वर्षे होऊन गेलेली. पेशवाई आदल्याच वर्षी बुडालेली.

मग हळूहळू मजकूर लागला. त्याला चार दिवस गेले. तो एक विनंती-अर्ज होता. अर्जदाराचे नाव वंशावळीत सर्वांत वर आहे ते. देशाहून येऊन सहा महिने फडात उमेदवारी करीत आहे, लिहिण्याचे काम मन लावून करतो, अद्याप वेतन नाही, घरी माणसे आहेत, तरी कारकुनाच्या जागी दाखल करून पोटास मिळावे. एवढेच. घोडा नाही, तलवार नाही, पथक नाही.

मी बराच वेळ काही बोललो नाही. सत्तर वर्षे ज्या घोड्याची टाप कानांत ठेवली होती तो एका कागदाने काढून नेला. मी रागावून म्हटले, “मग तलवार कोठून आली?”

ती म्हणाली, “ते या कागदात नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “आजोबा, घोड्यावरून कोणी आलेच नाही असेही या कागदात नाही. हा एकच गृहस्थ, याच साली, उमेदवारी करीत होता, इतकेच यावरून म्हणता येते. त्याच्या आधीचे कोणी आले असतील तर त्यांचे कागद हवेत.”

ते कागद कोठे गेले, हे तिने विचारले नाही. तिला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. बहुधा त्यांतच असतील, किंवा नसतीलही. आता ते कधीच कळायचे नाही. रद्दीवाल्याच्या तराजूत मी नेमके काय घातले, हे मला पन्नास वर्षांनी उमगले.

पोटाचे काय?

आता व्यवहाराचे बोलू, कारण वाचक ते विचारणारच. इतिहासाची नुसती पदवी घेऊन नोकरी चालत येते असे मी म्हणणार नाही. पण नुसती बी. एस्सी. किंवा बी. कॉम. घेऊनही ती हल्ली चालत येत नाही. पुढे काहीतरी जोडावेच लागते. इतिहास घेतलेली मुले वकिलीकडे वळतात, बी. एड. करून शिक्षक होतात, वर्तमानपत्रांत जातात, वस्तुसंग्रहालये आणि दप्तरखाने यांचे शिक्षण घेतात, पुरातत्त्वाकडे जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला तर पूर्वपरीक्षेपासून इतिहास लागतो. ज्याला साक्ष तोलता येते, दोन बाजू मांडता येतात आणि शंभर पानांचे चार पानांत नेमके सार काढता येते, तो माणूस कचेरीत निरुपयोगी ठरत नाही.

सगळे गोडच आहे असेही नाही. पुष्कळ ठिकाणी हा विषय अजून गाइडांवर चालतो. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बाजारात प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका येतात आणि त्यांवर मुले पास होतात. इतर कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली मुले वर्गात असतात आणि त्यांना शिकवण्याचा कंटाळा आलेले गुरुजीही असतात. अशा ठिकाणी तीन वर्षे घालवली तर हाती कारणे पाच आणि परिणाम सात याखेरीज काही लागत नाही. म्हणून आईबापांनी चौकशी करायची ती एवढीच, की तिथे मुलांना मूळ कागद वाचायला देतात का, आणि निबंध परत लिहायला लावतात का. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांच्या पदवीबरोबर चार वर्षांच्या संशोधनासह पदवीचीही वाट उघडली आहे. एक वर्ष वाढले म्हणून धास्तावण्यापेक्षा त्या वर्षात मूल कोणत्या कागदांवर काम करणार आहे हे विचारावे.

बडोद्याच्या मुलांना कागदांची वाण नाही. १९४९ साली संस्थान विलीन होण्याच्या सुमारास आपले विद्यापीठ निघाले. त्याच्या आधीपासून आपल्याकडे प्राच्यविद्या मंदिर आहे, त्यात हजारो हस्तलिखिते आहेत. गायकवाडी दप्तरे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कित्येक कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरी बसून पाहता येतात. राजवाड्यांना ज्यासाठी अनवाणी गावे तुडवावी लागली, त्यातले काही आज बोटाच्या टोकावर येते. उणीव आहे ती वाचणाऱ्यांची.

आणि दुसरी उणीव कशाची असेल तर ती आपल्या घरांतल्या सबुरीची. मूल इतिहास शिकले की ते केव्हातरी आपल्या भिंतीवरच्या तलवारीकडे पाहणार, प्रश्न विचारणार. उत्तर आपल्या मनासारखे येईलच असे नाही. ते सोसण्याची तयारी नसेल तर आपल्याला इतिहास नको आहे, फक्त आरती हवी आहे.

आमच्याकडे तलवार भिंतीवर तशीच आहे. तिची हकीकत मी अजून सांगतो, पण आता ‘आमच्या घरात असे सांगतात’ एवढे शब्द आधी जोडतो. तो अर्ज मात्र चौकटीत घालून वंशावळीच्या शेजारी लावला आहे. पाहुणे तलवार पाहतात आणि मग त्या कागदाशी थोडे अधिक थांबतात. परक्या गावात सहा महिने बिनपगारी लिहीत बसलेला, घरच्या माणसांच्या काळजीने अर्ज करणारा तो गृहस्थ मला घोडेस्वारापेक्षा अधिक ओळखीचा वाटू लागला आहे. त्याला ती नोकरी मिळाली असली पाहिजे, नाहीतर आम्ही येथे नसतो. पण हे माझे म्हणणे. नात म्हणते, तेही कागदात नाही.

दिवाळीपूर्वी घरोघरी माळे झाडले जातील. तांबड्या रुमालातले काही हाती लागले, तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका. कोरड्या जागी ठेवा. वाचणारे कोणीतरी येईल, कदाचित तुमच्याच घरात वाढत असेल. आणि येत्या जूनमध्ये चहाच्या वेळी कोणी म्हणाले, की इतिहास घेते, तर मी विचारला तोच प्रश्न खुशाल विचारा. फक्त उत्तरासाठी तीन वर्षे थांबा.